रस्ता आधी की बिल्डिंग?

पुण्यात ट्रॅफिकचा विषय निघाला की आपण गाड्या मोजतो. मला वाटतं, आधी गल्ल्या मोजायला हव्यात.

पेठांतल्या गल्ल्या अरुंद खऱ्या, पण एकमेकींना मिळालेल्या. लक्ष्मी रोड तुंबला तरी आतून वाट सापडते. पुढे १९१५ चा नगररचना कायदा आला आणि भांबुर्ड्यात, म्हणजे आजच्या शिवाजीनगरात, टीपी स्कीम झाली. जमिनी एकत्र करायच्या, आधी रस्ते आखायचे, मग उरलेल्या जागेचे नवे प्लॉट मूळ मालकांना द्यायचे.

शहर बाहेर पसरलं तसा हा क्रम उलटला. शेताच्या एकेका गटावर सोसायटी, तिला एकच गेट, आणि ते उघडतं जुन्या बैलगाडीच्या वाटेवर. शेजारच्या सोसायटीत जायचं तर मध्ये भिंत, म्हणून मेन रोडवरून वळसा. मी सिंहगड रोडला राहतो, आमचं हे रोजचंच आहे.

महापालिकेत २०१७ ला ११ आणि २०२१ ला २३ गावं आली. नऱ्हे, वाघोलीत बरंच बांधून झालंय, पण इतर गावांत अजून शेतं शिल्लक आहेत. बिल्डिंग पाडून पुन्हा बांधता येते. न सोडलेला रस्ता मागाहून मिळत नाही. मत मागायला येतील त्यांना उड्डाणपुलाच्या आधी हे विचारा: आमच्या गावात आतले रस्ते कधी आखणार?