रातांधळेपणाचं तेल

तुम्ही मढच्या किनाऱ्यावर उभे आहात. साल १९४३, पावसाळा नुकताच सरलाय. वलांडीवर बोंबील वाळताहेत, शिडाची होडी वाळूला लागली आहे आणि तिच्याशेजारी मोठी मुशी आडवी पडली आहे. तांडेल तिचं पोट फाडतो. फिकट पिवळं, लिबलिबीत यकृत बाहेर ओघळतं. अख्खी पोकळी त्यानेच भरलेली. वास उग्र आहे, तरी मागे सरकू नका.

"दादूस, ह्यो तेल होरीला लावाचा. लाकूर कुजत नाय."

या यकृताला आता दुसरंही गिऱ्हाईक आहे. १९४० साली जर्मनीने नॉर्वे घेतलं, कॉड लिव्हर ऑइलची आवक तुटली, म्हणून मद्रास, त्रावणकोर आणि मुंबईच्या सरकारांनी मुशीचं तेल औषध म्हणून काढायला घेतलं. तुकडे पाण्यात शिजवायचे, वर तरंगलेलं तेल काढून निवळू द्यायचं, गाळायचं. त्यात अ जीवनसत्त्व भरपूर. दिवेलागणीनंतर चाचपडणाऱ्या पोरांना ते चमचाचमचा पाजलं की नजर परत येते.

आता खाडीच्या हिरवट पाण्याकडे बघा. तो रंग सूक्ष्म वनस्पतींच्या हरितद्रव्याचा. त्याच्या रेणूला फायटॉलचं शेपूट असतं. या वनस्पती प्राणिप्लवकांच्या पोटात, प्लवक मासळीच्या, मासळी मुशीच्या. या वाटेवर फायटॉलचं फायटॅनिक आम्ल होतं. सोळा कार्बनांची साखळी, तिला चार फांद्या. एरवी शरीर अशी साखळी टोकाकडून दोन-दोन कार्बन तोडत जाळतं. इथे तिसऱ्याच कार्बनावर फांदी आडवी येते. आधी एकच कार्बन काढावा लागतो, मगच पुढची तोड सुरू होते. बहुतेक शरीरांना हे सहज जमतं.

१९४६ मध्ये या. नॉर्वेचे सिग्वाल्ड रेफ्सम एका आनुवंशिक आजाराचं वर्णन करताहेत: रात्री दिसत नाही, हातापायांतलं बळ जातं, तोल सुटतो. कारण कळायला १९६३ उजाडतं. जर्मनीत क्लेंक आणि काल्के यांना अशा रुग्णाच्या शरीरात फायटॅनिक आम्लाचा साठा सापडतो. तो पहिला कार्बन काढण्याची सोयच या रुग्णांत बिघडलेली असते. ज्या तेलाने एका मुलाचा रातांधळेपणा जातो, त्याच तेलातली फांदी दुसऱ्या विरळ्या कुणाला रातांधळेपणाकडे ढकलते. या साऱ्या कथेत मला हादरवून सोडतं ते हेच.

आजच्या मढला परत या. औषधातलं अ जीवनसत्त्व आता कारखान्यात बनतं; फायटॅनिक आम्ल मात्र मासळीत आणि गुरांच्या दुधातुपात आहेच. घरातल्या तरुण माणसाला रात्री दिसेनासं झालं, शिवाय वासही येईनासा झाला, तर डॉक्टरांना रक्तातल्या फायटॅनिक आम्लाच्या तपासणीबद्दल जरूर विचारा. निदान वेळेवर झालं, तर आहार बदलून त्याचं प्रमाण खाली आणता येतं.