उरलेल्या फळांचा इतिहास

वसईतील ख्रिस्ती घरांत जॅमचा दिवस कुणी आधी ठरवून ठेवीत नाही. टोपलीत दोन पेरू अतिपक्व झाले, अर्धी पपई उरली, चार केळ्यांच्या साली काळवंडल्या, की तो दिवस आपोआप उगवतो. घरभेटीच्या निमित्ताने अशा पातेल्यापाशी मी अनेकदा बसलो आहे. ही कला कुठून आली, असे विचारले तर बहुधा उत्तर मिळते, "इंग्रजांकडून, फादर." हे उत्तर अर्धेच खरे आहे.

साखरेचा पाक दारी येण्यापूर्वी आपल्या पूर्वजांनी सूर्याला कामाला लावले होते. राजेळी केळी पिकवायची, सोलायची, उन्हात वाळवायची, संध्याकाळी गोळा करून झाकायची आणि सकाळी पुन्हा पसरायची. काही दिवसांत मधाच्या रंगाची, चिवट, गोड सुकेळी तयार होत. त्यांत साखरेचा कणही नसे. पाणी आटले की फळातील मूळची साखर दाट होते आणि तीच फळाचे रक्षण करते. 1882 साली प्रसिद्ध झालेल्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरने आगाशीच्या सुकेळ्यांची आवर्जून दखल घेतली आहे.

दुसरा अध्याय पोर्तुगीजांचा. 1534 च्या तहाने वसई त्यांच्याकडे गेली आणि 1739 साली चिमाजी अप्पांनी ती जिंकून घेतली. या दोन शतकांच्या काळात पोर्तुगीज जहाजांनी अमेरिका खंडातील फळे पश्चिम किनाऱ्यावर आणली. अननस, पपई, काजू ही नावे आपण त्यांच्याकडूनच घेतली. त्यांच्या मायदेशी 'मार्मेलो' नावाच्या तुरट फळाचा गर साखरेत आटवून 'मार्मेलाद' करीत; इंग्रजांचा मार्मालेड हा शब्द त्यातूनच निघाला. इकडे ते फळ नव्हते, पेरू मात्र विपुल. गोव्यातील गृहिणींनी पेरूचा गर आटवून 'पेराद' केली. आजही गोव्यात आणि मुंबईच्या ईस्ट इंडियन घरांत नाताळच्या ताटात तिला मान असतो. अरबी-फारसीतून आलेला मुरंबा तर साऱ्या महाराष्ट्राचाच झाला.

जॅम हा शब्द आणि त्याची काचेची बाटली मात्र इंग्रजी अमदानीची. अन्न उकळून, हवाबंद करून टिकवण्याची रीत फ्रान्सच्या निकोला आपेर यांनी 1810 साली जगापुढे मांडली. त्यामागचे जंतूंचे कारण पुढे लुई पाश्चर यांनी उलगडले. स्वतंत्र भारतात 1955 च्या फळपदार्थविषयक आदेशाने जॅममध्ये किमान 45 टक्के फळ असावे, असा दंडक घातला. 1959 साली पाचगणीत 'मॅप्रो' उभी राहिली आणि महाराष्ट्रातील फळांचा जॅम दुकानांत आला.

घरच्या पातेल्यातील शास्त्र या दंडकाहून जुने आहे. एका वृद्ध मावशींनी मला सांगितले होते, "फादर, पेरू नसेल तर जॅम धरत नाही." त्यांना पेक्टिन हा शब्द ठाऊक नव्हता, गुण ठाऊक होता. पेरूत पेक्टिन भरपूर, चिकूत कमी. म्हणून मिश्र फळांत पेरू हवाच. किलोभर गराला पाऊण किलो साखर आणि दोन लिंबांचा रस, असे त्यांचे प्रमाण होते. थंड बशीवर टाकलेला थेंब ओघळला नाही, की पातेले उतरवायचे.

त्याच मावशी पुढे म्हणाल्या, "पेरू बाजारातून आणला. आमची वाडी आता राहिली नाही."

हे वाक्य मला या साऱ्या इतिहासाचा शेवट वाटू नये, अशी माझी प्रार्थना आहे. टँकरसाठी विहिरी उपसल्या गेल्या, पाणी खारावले, वाड्यांवर इमारती चढल्या. या संकटाविरुद्ध दिवंगत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली हरित वसई संरक्षण समिती लढली, हे वाचकांना सांगायला नको. आज राजेळीच्या बागा विरळ झाल्या आहेत आणि सुकेळी करणारी घरे फार थोडी उरली आहेत.

पाच हजारांना जेवू घातल्यावर प्रभूने उरलेले तुकडे वेचावयास लावले आणि बारा टोपल्या भरल्या, असे संत योहान सांगतो. जिथे विपुलता होती तिथेही वाया घालवण्याची मुभा नव्हती. आपल्या आजींनी हा धडा पातेल्यात गिरवला. परंतु उरण्यासाठी आधी पिकावे लागते. जॅमची कृती आपण लेकीसुनांना अवश्य शिकवू. त्याबरोबर परसात पेरूचे एक झाड आणि राजेळीचा एक कोंबही त्यांच्या हाती देऊ. नाहीतर कृती उरेल आणि फळ संपेल.