संगणकातले ‘आभासी यंत्र’ वारंवार नाहीसे होते तेव्हा

एका संगणकाच्या पोटात दुसरा संगणक चालवण्याची कल्पना नवी नाही. आयबीएम कंपनीने आपल्या अवाढव्य यंत्रांसाठी ‘व्हीएम/३७०’ ही प्रणाली १९७२ मध्येच जाहीर केली होती. घरगुती संगणकापर्यंत ही सोय पोहोचायला मात्र आणखी पाव शतक लागले. व्हीएमवेअर कंपनीचे ‘वर्कस्टेशन’ १९९९ मध्ये बाजारात आले. ‘व्हर्च्युअलबॉक्स’ २००७ मध्ये मुक्त स्वरूपात उपलब्ध झाले आणि पुढे सन व ओरॅकल या कंपन्यांकडे गेले. ‘वर्कस्टेशन प्रो’ही २०२४ पासून मोफत मिळू लागले. आज साध्या घरातल्या संगणकावरही विंडोजच्या एका खिडकीत लिनक्स किंवा जुने विंडोज एक्सपी सुखाने नांदू शकते.

मराठी घरांत या सोयीचे एक खास प्रयोजन आहे. लग्नपत्रिका, स्मरणिका, दिवाळी अंक, शाळांच्या प्रश्नपत्रिका यांची अक्षरजुळणी वर्षानुवर्षे ‘पेजमेकर’मध्ये आणि ‘श्रीलिपी’, ‘आयएसएम’, ‘आकृती’ यांसारख्या प्रणालींच्या टंकांत झाली. पेजमेकरची शेवटची, सातवी आवृत्ती २००१ मधली. तिला युनिकोड कळत नाही आणि जुन्या टंकांतला मजकूर नव्या यंत्रणेत उघडला की देवनागरीऐवजी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा दिसतो. म्हणून अनेकांनी आपले जुने विंडोज, टंक आणि फायलींसह, आभासी यंत्रात जपून ठेवले आहे. हे यंत्र हरवणे म्हणजे केवळ एक आज्ञावली जाणे नव्हे. वीस वर्षांच्या कामाच्या कपाटाची किल्ली हरवणे होय.

पनवेलजवळ जुन्या मुंबई-पुणे महामार्गावरील कोन या गावाचे उदाहरण घ्या. शेतीच्या या परिसरात आता उंच गृहसंकुले उभी आहेत. गिरणी कामगारांच्या घरांसाठी २०१६ मध्ये निघालेल्या सोडतीत येथील सदनिका होत्या. अशा संकुलातील एखाद्या घरात अक्षरजुळणीचा जोडधंदा चालतो, असे समजू. आभासी यंत्राची आज्ञावली संगणकावर बसवली, दोन दिवस चालली आणि तिसऱ्या दिवशी गायब! पुन्हा बसवली, पुन्हा गायब! अशा वेळी संगणक उचलून पनवेलचे दुकान गाठण्यापूर्वी पुढील गोष्टी क्रमाने तपासल्या, तर बहुतेक वेळा कारण घरीच सापडते.

नेमके काय नाहीसे झाले?

‘गायब झाले’ या एका वाक्यात चार वेगळ्या तक्रारी दडलेल्या असतात. पडद्यावरचे केवळ चिन्ह गेले, आज्ञावलीच गेली, आज्ञावली आहे, पण तिच्यातील यंत्रांची यादी रिकामी आहे, अथवा यंत्र सुरू होते आणि त्याची खिडकी क्षणात मिटते. या चारही आजारांची औषधे निरनिराळी आहेत.

प्रथम ‘सेटिंग्ज’मधील ‘अ‍ॅप्स’ची यादी पाहावी. आज्ञावलीचे नाव तेथे असेल, तर गेले ते फक्त चिन्ह. नाव नसेल, तर ‘सी’ ड्राइव्हवरील ‘प्रोग्राम फाइल्स’मध्ये तिचा फोल्डर शिल्लक आहे का, ते पाहावे. नाव आहे पण फोल्डर अर्धवट आहे, असे आढळल्यास कोणीतरी रीतसर न काढता आतल्या फायली उचलल्या आहेत, असा तर्क करता येतो. नाव आणि फोल्डर दोन्ही नसतील, तर आज्ञावली रीतसर काढली गेली किंवा संगणक मागच्या स्थितीला नेला गेला.

संगणकाची रोजनिशी

हा तर्क ताडून पाहण्याचे साधन विंडोजमध्येच आहे. ‘इव्हेंट व्ह्यूअर’ उघडून ‘विंडोज लॉग्ज’मधील ‘अ‍ॅप्लिकेशन’ हा भाग पाहावा आणि ‘एमएसआय-इन्स्टॉलर’ या उगमाच्या नोंदी गाळून घ्याव्यात. १०३४ किंवा ११७२४ या क्रमांकाची नोंद म्हणजे आज्ञावली विंडोजच्या पद्धतीने काढली गेली. नोंदीत दिवस, वेळ आणि वापरकर्त्याचे खाते असते. दुपारी घरात कोणी ‘जागा मोकळी’ केली, की रात्री एखाद्या स्वयंचलित आज्ञावलीने हा उद्योग केला, याचा उलगडा त्यावरून होतो. सहज वाचता येईल असा दिनदर्शिकेच्या स्वरूपातील अहवाल हवा असल्यास ‘रिलायबिलिटी मॉनिटर’ उपयोगी पडतो.

दर वेळी संगणक सुरू केल्यावर जात असेल तर

प्रत्येक पुनरारंभानंतर आज्ञावली जात असेल आणि तिच्यासोबत नव्याने ठेवलेल्या साध्या फायलीही जात असतील, तर संशय ‘गोठवणाऱ्या’ आज्ञावलीवर घ्यावा. सायबर कॅफे, शाळा आणि संगणक प्रशिक्षण वर्गांत ‘डीप फ्रीझ’सारखी आज्ञावली वापरली जाते. दिवसभरात संगणकावर काहीही केले, तरी पुन्हा सुरू केल्यावर तो मूळ स्थितीत येतो. अशा ठिकाणाहून जुना संगणक विकत घेतला असेल, तर ही व्यवस्था तशीच राहिलेली असू शकते. त्याच कामासाठी विंडोजच्या काही व्यावसायिक आवृत्त्यांत ‘राइट फिल्टर’ असतो. दोन्हींवर उपाय म्हणजे मूळ मालकाकडून परवलीचा शब्द घेऊन ती व्यवस्था बंद करणे, किंवा विंडोज नव्याने बसवणे.

फक्त आपला पडदा, आपल्या फायली आणि यंत्रांची यादी जाते, पण आज्ञावली राहते, असे असेल तर विंडोजने ‘तात्पुरते प्रोफाइल’ दिले आहे का, ते पाहावे. खात्याची माहिती बिघडली की विंडोज ‘यूझर्स’ फोल्डरात ‘टेम्प’ नावाचे खाते उघडून देते आणि बाहेर पडताना ते पुसून टाकते. त्यात केलेले काम अर्थातच टिकत नाही. पूर्ण पुनरारंभाने हा दोष कधी कधी जातो. न गेल्यास नवे खाते करून फायली त्यात हलवाव्यात.

पेन ड्राइव्हवरून थेट चालणाऱ्या लिनक्सचीही हीच तऱ्हा. ‘पर्सिस्टन्स’ची सोय केलेली नसेल, तर तेथे बसवलेली प्रत्येक गोष्ट संगणक बंद होताच विरून जाते.

रखवालदारच घेऊन गेला असेल तर

आभासी यंत्राची आज्ञावली विंडोजच्या गाभ्यात स्वतःचे ‘ड्रायव्हर’ बसवते. विषाणूही याच वाटेने शिरत असल्याने काही विषाणूरोधक आज्ञावल्या तिच्याकडे संशयाने पाहतात. ‘विंडोज सिक्युरिटी’मधील ‘प्रोटेक्शन हिस्टरी’त अडकवून ठेवलेल्या फायलींची यादी मिळते. मात्र लगेच ‘परवानगी द्या’वर बोट ठेवू नये. आधी आपण आज्ञावली कोठून उतरवून घेतली, ते आठवावे. निर्मात्याच्या अधिकृत संकेतस्थळाखेरीज अन्यत्र मिळालेली, विशेषतः ‘क्रॅक’ केलेली प्रत असेल, तर रखवालदाराचे बरोबर असण्याचीच शक्यता अधिक. ‘व्हर्च्युअलबॉक्स’ मूळपासून मोफत आणि ‘वर्कस्टेशन प्रो’ही आता मोफत असताना चोरटी प्रत वापरण्याचे कारण उरत नाही. प्रत अधिकृत असेल तरच तिचा फोल्डर तपासणीतून वगळावा.

नोकरीच्या कंपनीने दिलेला लॅपटॉप घरी असेल, तर प्रश्नच वेगळा. अशा संगणकांवर कंपनीचा संगणक विभाग दुरून नियंत्रण ठेवतो आणि परवानगी नसलेल्या आज्ञावल्या आपोआप काढल्या जाऊ शकतात. तेथे पळवाट शोधू नये. परवानगी मागावी, नाहीतर घरचे काम घरच्या संगणकावर करावे.

विंडोजची मोठी अद्ययावतता

विंडोजची नवी आवृत्ती बसताना न जुळणाऱ्या आज्ञावल्या काढल्या जाऊ शकतात. २०१५ च्या नोव्हेंबरमधील विंडोज १० च्या अद्ययावततेने काही आज्ञावल्या न विचारता काढल्याची तक्रार तेव्हा गाजली होती. २०१९ मध्ये ‘व्हर्च्युअलबॉक्स’ची जुनी आवृत्ती असलेल्या संगणकांवर ती काढल्याशिवाय वा सुधारल्याशिवाय अद्ययावतता पुढे सरकत नव्हती. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्याने अनेक घरांत विंडोज ११ कडे स्थलांतर झाले आणि हाच प्रश्न नव्याने उभा राहिला. उपाय सोपा आहे: मोठ्या बदलापूर्वी आभासी यंत्राची आज्ञावली तिच्या ताज्या आवृत्तीवर आणावी.

‘सिस्टिम रिस्टोअर’ वापरले की निवडलेल्या तारखेनंतर बसवलेल्या आज्ञावल्या जातात. ‘रिसेट धिस पीसी’ वापरताना ‘माझ्या फायली ठेवा’ हा पर्याय निवडला, तरी बाहेरून बसवलेल्या आज्ञावल्या राहत नाहीत. दुरुस्तीवाल्याने ‘थोडे साफ करून दिले’ असेल, तर त्याने नेमके काय केले, हे विचारून घ्यावे.

आजारी डिस्क

वरीलपैकी काहीच नसेल आणि फायली कधी दिसतात, कधी नाही, असे होत असेल, तर डिस्क तपासावी. आभासी यंत्राची संपूर्ण डिस्क ही मूळ संगणकाच्या दृष्टीने एकच भलीमोठी फाइल असते. काम चालू असताना वीज गेली, तर घाव या फायलीवर बसू शकतो. पावसाळ्यात वीज ये-जा करणाऱ्या भागात छोटा ‘यूपीएस’ हा चैनीचा खर्च नव्हे. ‘सी’ ड्राइव्हवर ‘फाउंड’ नावाचे क्रमांक असलेले फोल्डर दिसणे, हे डिस्क तपासणीत तुटक्या फायली सापडल्याचे लक्षण. तथापि डिस्क खरोखर मरणपंथाला लागली असेल, तर दुरुस्तीची आज्ञा देण्यापूर्वी आतला मजकूर दुसरीकडे उतरवून घ्यावा; दुरुस्तीचा ताण तिला सोसेलच, असे नाही.

यंत्र सुरू होऊन खिडकी लगेच मिटत असेल, तर दोष बहुधा स्मृतीचा किंवा विंडोजच्या ‘हायपर-व्ही’, ‘मेमरी इंटिग्रिटी’ या सुविधांशी होणाऱ्या संघर्षाचा असतो. चार जीबी रॅमच्या संगणकात आतल्या यंत्राला तीन जीबी दिले, तर बाहेरच्याने जगायचे कसे? जुन्या एक्सपीला ५१२ एमबीसुद्धा पुरतात.

यंत्र परत मिळवताना

दिलाशाची गोष्ट ही की, आज्ञावली गेली म्हणजे आतले यंत्र गेलेच, असे नाही. ‘व्हर्च्युअलबॉक्स’ काढली, तरी यंत्रांच्या फायली सामान्यतः वापरकर्त्याच्या फोल्डरातील ‘व्हर्च्युअलबॉक्स व्हीएम्स’मध्ये जशाच्या तशा राहतात. आज्ञावली पुन्हा बसवून, ‘मशीन’ यादीतील ‘अ‍ॅड’ निवडून जुनी ‘व्हीबॉक्स’ फाइल दाखवली की यंत्र यादीत परत येते. यंत्रे बाहेरच्या डिस्कवर असतील, तर तिचे ‘ई’ हे अक्षर बदलून ‘एफ’ झाले म्हणूनही ती दुरावलेली दिसतात. अक्षर पूर्ववत केले की सापडतात. यादीतून यंत्र काढताना ‘सर्व फायली पुसा’ हा पर्याय मात्र चुकूनही निवडू नये.

फाइलच पुसली गेली असेल, तर त्या डिस्कवर काहीही नवे लिहू नये आणि संगणक ताबडतोब बंद करावा. जुन्या पद्धतीच्या हार्ड डिस्कवरून पुसलेला मजकूर परत मिळण्याची आशा असते. ‘एसएसडी’मध्ये मोकळी झालेली जागा आतल्या आत साफ होत असल्याने ती फार कमी.

म्हणून प्रत हवीच. यंत्र पूर्ण बंद करून त्याचा संपूर्ण फोल्डर बाहेरच्या डिस्कवर उतरवावा. ‘फॅट ३२’ पद्धतीच्या पेन ड्राइव्हवर चार जीबीची वा त्याहून मोठी फाइल मावत नाही. तो ‘एक्सफॅट’ किंवा ‘एनटीएफएस’ करून घ्यावा. आतल्या एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ रोजीच संपला असल्याने त्याचे नेटवर्क बंद ठेवावे.

आणि हाताशी थोडा वेळ असेल, तेव्हा जुन्या टंकांतील महत्त्वाचा मजकूर परिवर्तकाच्या साह्याने युनिकोडमध्ये आणून ठेवावा. आभासी यंत्राने जुन्या कामाचे आयुष्य वाढते, पण युनिकोडमधला मजकूर वाचायला त्या यंत्राची गरजच राहत नाही.