बीज की किल्ली?

चार वर्षांपूर्वी जात्यावरच्या ओव्यांवरचा माझा एक लेख एका इंग्रजी संशोधनपत्रिकेत छापून आला. लेख पाठवताना फॉर्मच्या शेवटी पाच ‘की-वर्ड’ मागितले होते. रात्र बरीच झाली होती. मी मिनिटभरात रकाने भरून टाकले: स्त्रीवाद, मौखिकता, देह, श्रम, आवाज. लेखाचे शीर्षकही मोठ्या हौसेने काव्यमय ठेवले होते. त्यात पहाट होती, जाते नव्हते.

पुढे एका कन्नड अनुवादक मैत्रिणीचा फोन आला. कन्नडमध्ये दळताना म्हणायच्या गाण्यांना ‘बीसुव पद’ म्हणतात. ती त्यांवर काम करत होती आणि मराठीतल्या अशा गाण्यांवर कुणी लिहिले आहे का, हे शोधत होती. तिने शोधलेल्या विदागारात माझा लेख होता, पण तिला तो दिसला नाही. तिने ‘दळणाची गाणी’ या अर्थाचे इंग्रजी शब्द टाकले होते. माझ्या पाच शब्दांत ना दळण होते, ना गाणे, ना ओवी. ज्या एका वाचकासाठी तो लेख लिहिला गेला असे म्हणता येईल, तिच्यापासून मीच तो लपवून ठेवला होता.

तेव्हापासून या पाच रकान्यांकडे मी जरा आदराने पाहते. मराठी शोधनिबंधांत त्यांना ‘बीजशब्द’ किंवा ‘बीजसंज्ञा’ म्हणतात. इंग्रजी शब्दात किल्ली आहे, आपल्या शब्दात बीज. अनुवाद म्हणून तो चालून गेला आहे, पण दोन्ही प्रतिमांत फरक आहे. बीज लेखाच्या आत असते आणि लेखकाला ते ठाऊक असते. किल्ली बाहेर उभ्या असलेल्या माणसाच्या हातात असावी लागते. मी दिलेले पाचही शब्द बीजे होती. बाहेर कोण उभे आहे, याचा विचार मी केलाच नव्हता. शोधायच्या शब्दांचा इतिहास पाहिला, तर त्यात प्रत्येक काळाने हाच प्रश्न आपापल्या परीने सोडवलेला दिसतो.

आपल्याकडची सर्वांत जुनी किल्ली म्हणजे आरंभीचे शब्द. कात्यायनाच्या सर्वानुक्रमणीत ऋग्वेदाच्या प्रत्येक सूक्ताचे सुरुवातीचे शब्द, ऋचांची संख्या, ऋषी, देवता आणि छंद यांची नोंद आहे. या सुरुवातीच्या शब्दांना ‘प्रतीक’ म्हणत. प्रतीक उच्चारले की पुढचे सगळे सूक्त आठवणार, हे गृहीत होते. संतांच्या गाथांच्या शेवटी अभंगांची वर्णानुक्रमणी असते, तीही पहिल्या ओळीचीच. मॉरिस ब्लूमफील्ड यांनी १९०६ मध्ये वैदिक वाङ्मयाची प्रचंड सूची प्रसिद्ध केली, तिच्यातही प्रत्येक चरण त्याच्या आरंभावरूनच सापडतो. ही पद्धत पाठांतर असलेल्या माणसासाठी उत्तम. ज्याला अभंगाचे धृपद आठवते, पण सुरुवात आठवत नाही, त्याने मात्र शेजारच्या वारकऱ्याला विचारावे.

अनोळखी माणसासाठी वेगळी सोय लागते. तेराव्या शतकात पॅरिसमधल्या डॉमिनिकन मठात, सँ-शेरच्या ह्यूगच्या देखरेखीखाली, लॅटिन बायबलची शब्दसूची तयार झाली. डॉमिनिकन हे प्रवचनकारांचे पंथीय. ‘पाणी’ किंवा ‘दया’ या विषयावर बोलायचे, तर तो शब्द ग्रंथात कुठे कुठे येतो ते हाताशी हवे. तेव्हा बायबलला वचनांचे क्रमांक नव्हते. म्हणून प्रत्येक अध्यायाचे सात भाग कल्पून त्यांना अक्षरे दिली गेली. पण पहिल्या सूचीत फक्त ठिकाणे होती. नेहमीच्या शब्दाखाली संदर्भांची लांबच लांब रांग, आणि त्यातला आपल्या कामाचा कोणता, हे कळायला मार्ग नाही. दुसऱ्या वेळी प्रत्येक नोंदीसोबत भोवतालचे वाक्य दिले, तर ग्रंथ इतका फुगला की वापरणे जड झाले. तिसऱ्या वेळी वाक्ये छाटून बेताची केली. फार थोडे दिले तर निरुपयोगी, फार दिले तर अवजड, हा सूचीकाराच्या पाठीस लागलेला पेच तिथेच सुरू झाला. आपल्याकडे १८९१ मध्ये मुंबईहून कर्नल जेकब यांचा उपनिषदे आणि गीता यांचा ‘उपनिषद्वाक्यकोश’ निघाला, तो याच प्रकारचा: आरंभ पाठ नसला तरी मधला एखादा शब्द आठवत असेल, तर दार उघडावे.

धर्मग्रंथ एकच असतो, त्याचा शब्द न् शब्द मोजता येतो. ग्रंथालयात मात्र हजारो पुस्तके असतात. आन्द्रेआ क्रेस्तादोरो या इटालियन गृहस्थाने १८५६ मध्ये सुचवले की पुस्तकाच्या शीर्षकातला महत्त्वाचा शब्दच सूचीसाठी घ्यावा; पुढे मँचेस्टरच्या सार्वजनिक ग्रंथालयाचे प्रमुख झाल्यावर त्यांनी ते करूनही दाखवले. शंभर वर्षांनी तीच कल्पना यंत्राच्या हाती गेली. आयबीएममधले जर्मन वंशाचे अभियंते हान्स पेटर लून यांनी १९५०च्या दशकाच्या शेवटी एक पद्धत बसवली. संगणक शीर्षक वाचतो, ‘आणि’, ‘चा’, ‘एक’ यांसारखे बिनकामाचे शब्द गाळतो आणि उरलेल्या प्रत्येक शब्दाखाली ते शीर्षक पुन्हा मांडतो. तो शब्द ओळीच्या मधोमध, आजूबाजूला त्याचे शेजारी. १९६१ पासून अमेरिकेतल्या ‘केमिकल टायटल्स’ या नियतकालिकाने हीच पद्धत वापरून ताज्या रसायनशास्त्रीय लेखांची सूची पंधरवड्याला छापायला सुरुवात केली. माणसाला महिनोन् महिने लागणारे काम काही तासांत होऊ लागले.

या सोयीची किंमत लेखकांनी मोजली. शीर्षकात जे नाही ते यंत्राला दिसत नाही, म्हणून शीर्षके लांब, नेमकी आणि रुक्ष झाली. ज्यांना शीर्षक ललित ठेवायचे होते, त्यांच्यासाठी पुढे वेगळ्या शब्दांचे रकाने आले. एका अर्थी हे रकाने म्हणजे शीर्षकाला मिळालेली मोकळीक आहे. शीर्षकात पहाट ठेवायची मुभा मला मिळाली ती जाते दुसरीकडे ठेवण्याच्या अटीवर. मी मुभा घेतली आणि अट विसरले.

लून यांची युक्ती इंग्रजीवर बेतलेली होती, हे मराठी लिहिणाऱ्याला चटकन जाणवते. ‘जात्यावरच्या ओव्यांतील सीता’ असे शीर्षक घ्या. दोन शब्दांमधल्या मोकळ्या जागेवर ओळ तोडणाऱ्या यंत्राला इथे ‘जाते’ही सापडत नाही आणि ‘ओवी’ही, त्याला ‘जात्यावरच्या’ आणि ‘ओव्यांतील’ सापडतात. आपले विभक्तिप्रत्यय शब्दाला चिकटतात आणि चिकटताना शब्दाचे रूपही बदलतात. सीता तेवढी वाचते, कारण ती वाक्यात एकटी उभी आहे. म्हणून मराठीत तरी बीजशब्द मूळ रूपात, सुटा देणे ही शिस्त नसून गरज आहे. लेखनाच्या दोन रूढी असतील, तर अधिक रूढ ती शब्दांत आणि दुसरी सारांशात यावी.

कोणता शब्द चांगला, हे मोजून पाहण्याचा प्रयत्नही झाला. इंग्लंडमधल्या क्रॅनफिल्ड येथील ग्रंथपाल सिरिल क्लेव्हर्डन यांनी वैमानिकीविषयीच्या १,४०० लेखांवर चाचण्या घेऊन १९६६ मध्ये निष्कर्ष मांडले. त्यांनी दोन गोष्टी वेगळ्या मोजल्या: कामाच्या लेखांपैकी किती हाती लागले, आणि हाती लागलेल्यांपैकी किती कामाचे निघाले. एक वाढवायला जावे तर बहुधा दुसरे घटते. ‘स्त्रीवाद’ हा शब्द माझ्या लेखापर्यंत नेत होता खरा, पण आणखी हजारो लेखांमधून. उलट नुसता ‘ओवी’ शब्द दिला असता, तर ज्ञानेश्वरीवरचे सारे लेखन समोर आले असते, कारण ग्रंथातल्या ओवीलाही आपण ओवीच म्हणतो. रोमन लिपीत तर आणखी गंमत: फिनिश भाषेत ‘ओवी’ म्हणजे दार. एका शब्दाने भागत नाही. ‘ओवी’च्या शेजारी ‘जाते’ बसले की ज्ञानेश्वरीही बाजूला होते आणि फिनलंडही.

क्रॅनफिल्डच्या चाचण्यांतून आणखी एक गोष्ट निघाली, तिने त्या काळच्या सूचीकारांना धक्का दिला. तज्ज्ञांनी घासूनपुसून ठरवलेल्या प्रमाण संज्ञांपेक्षा लेखांमधले साधे, सुटे शब्द सरस ठरले. तरी प्रमाण संज्ञांचे राज्य संपले नाही, आणि त्याला कारणही आहे. वैद्यकाच्या अमेरिकन विषयसूचीत कर्करोगाचे अधिकृत शीर्षक ‘निओप्लाझम्स’ आहे. रुग्ण, डॉक्टर आणि संशोधक तीन वेगळे शब्द वापरत असले, तरी तिथे येऊन भेटतात. अडचण येते ती शब्द ठरवणारा एक आणि ज्याच्याविषयी शब्द आहे तो दुसरा, असे असते तेव्हा.

अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसची विषयशीर्षके जगभरची ग्रंथालये वापरतात. आपल्याकडे १९७२ मध्ये दलित पँथर उभी राहिली, ‘दलित’ हा शब्द एका साहित्याचे आणि चळवळीचे स्वतः निवडलेले नाव झाला. पण त्या सूचीत पुढेही बरीच वर्षे या पुस्तकांवर ‘अनटचेबल्स’ हेच शीर्षक लागत होते. एलिनॉर झेलियट यांच्या १९९२ च्या पुस्तकाच्या नावातच अस्पृश्यापासून दलितापर्यंतचा प्रवास आहे. सूचीने तो प्रवास उशिरा केला. आज तिथे ‘दलित्स’ हे शीर्षक आहे. दलित लेखकाचे पुस्तक त्याने नाकारलेल्या शब्दाखाली शोधावे लागणे, ही केवळ तांत्रिक गैरसोय म्हणता येणार नाही. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी ‘इल्लीगल एलियन्स’ या शीर्षकाविरुद्ध आवाज उठवला. ग्रंथालयाने २०१६ मध्ये बदल जाहीर केला, तेव्हा अमेरिकन काँग्रेसमधल्या काही सदस्यांनी त्याला विरोध केला, आणि प्रत्यक्ष बदल व्हायला २०२१ उजाडले. एका विषयशीर्षकासाठी सात वर्षे गेली.

या पार्श्वभूमीवर लेखकाला स्वतःचे पाच शब्द निवडायला मिळतात, ही किरकोळ गोष्ट वाटेनाशी होते. ते कसे निवडावेत, याचे उत्तर मला एका गणिताच्या शिक्षकाकडे सापडले. मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात गणित शिकवणारे शि. रा. रंगनाथन १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. त्यांच्या सूचीपद्धतीत विषय म्हणजे एक साखळी असते: साहित्य, मराठी साहित्य, लोकगीत, ओवी, दळणाची ओवी. साखळीतल्या प्रत्येक दुव्यावरून सूचीत शिरता आले पाहिजे. कुणी वरच्या कडीपाशी येतो, कुणी खालच्या. माझे जुने पाच शब्द साखळीत बसतच नव्हते. ते लेखाच्या भावार्थाचे शब्द होते. वाचक भावार्थ शोधत येत नाही, तो वाचल्यानंतर कळतो.

ओव्यांच्या बाबतीत तर हे काम कुणीतरी आधीच करून ठेवले आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइतव्हाँ यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्या ‘पारी’ या संकेतस्थळावर टप्प्याटप्प्याने प्रसिद्ध होत आल्या आहेत. एवढ्या ओव्या नुसत्या गोळा करून भागत नाही. सीतेचा वनवास, माहेर, भाऊ, बाबासाहेब अशा विषयांनुसार त्या लावाव्या लागतात. तिथे विषयांची नावे वाचताना माझ्या लक्षात आले की ती गाणाऱ्या बाईला ओळखीची वाटतील. ‘भाऊ’ या कप्प्यात काय असेल, हे तिला सांगावे लागणार नाही. ‘मौखिकता’ या माझ्या शब्दाचे तसे नाही.

यंदा त्याच विषयावर दुसरा लेख लिहिला. फॉर्ममध्ये जागा पाचच शब्दांची होती आणि लिपी फक्त रोमन चालत होती. मी शब्द लिहिले: ओवी, ग्राइंडमिल साँग्स, महाराष्ट्र, सीता, मौखिकता. पहिला शब्द मराठी, कारण त्याला दुसऱ्या भाषेत प्रतिशब्द नाही. दुसरा, ही परंपरा इंग्रजीत ज्या नावाने ओळखली जाते तो. तिसरा प्रदेशाचा, चौथा लेखाच्या गाभ्याचा. शीर्षकात ‘जाते’ आणि ‘स्त्रिया’ आले होते, म्हणून ते पुन्हा घेतले नाहीत. कन्नडमधले ‘बीसुव पद’ आणि भोजपुरीतले ‘जँतसार’ यांना पाचांत जागा नव्हती, म्हणून ती दोन्ही नावे सारांशात एका वाक्यात आणली. शोधयंत्र सारांशही वाचते. पाचवा शब्द सवयीने पडला होता.

फॉर्म पाठवण्याआधी ती यादी मी कन्नड मैत्रिणीला पाठवली आणि विचारले, “तू यातले काय टाकून शोधशील?” तिने चार तसेच ठेवले. ‘मौखिकता’ खोडून तिथे ‘वर्क साँग्स’ लिहिले आणि खाली एक ओळ: “भोजपुरीवाली येईल ती या दाराने येईल.”