औषध पखालीला

‘रोग हल्याला आणि औषध पखालीला’ ही म्हण आपण भलत्याच ठिकाणी उपाय करणाऱ्याची थट्टा करण्यासाठी वापरतो. आजारी पडला पाणी वाहणारा रेडा, आणि औषध पाजले त्याच्या पाठीवरच्या कातडी पिशवीला! आजचा आमचा विषय असा आहे की, तेथे ही थट्टाच शास्त्र ठरली. समुद्रातून आणलेल्या शोभेच्या माशांना जे दोन भयंकर परोपजीवी रोग जडतात, त्यांवर विद्वानांनी कित्येक वर्षे डोके चालविले, आणि अखेर औषध द्यावे लागले ते पखालीलाच.

तळवड्यात हा विषय कशाला, असे कोणी विचारील. इंद्रायणीकाठचे हे गाव. समुद्र म्हटला की सह्याद्री उतरणे आले. परंतु कारखान्यांच्या आणि संगणक-कंपन्यांच्या या पट्ट्यात एखाद्या दिवाणखान्यात खाऱ्या पाण्याची काचेची टाकी दिसली, तर आज कोणाला नवल वाटत नाही. समुद्र येथे गोणीतून येतो. दर लिटरला सुमारे ३५ ग्रॅम तयार क्षार, म्हणजे दोनशे लिटरांच्या टाकीला सात किलो. की झाला अरबी समुद्र तयार. ही युक्तीही जुनी आहे. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८५३ साली पहिले सार्वजनिक मत्स्यालय उघडले, आणि कृत्रिम समुद्रजल करण्याची कृती फिलिप गॉस या निसर्गशास्त्रज्ञाने १८५४ साली प्रसिद्ध केली.

मुंबईला चर्नी रोडजवळचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते उघडले. महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांनी प्रवाळातला रंगीत मासा पहिल्यांदा पाहिला तो तेथल्या काचेआड. योगायोग असा की, त्याच १९५१ साली लंडनमध्ये ई. एम. ब्राउन या संशोधकाने खाऱ्या पाण्यातल्या माशांच्या ‘पांढऱ्या ठिपक्यां’च्या जंतूला ‘क्रिप्टोकॅरियन’ हे नाव दिले. जपानात सिकामा यांनी १९३७ मध्ये या रोगाचे वर्णन आधीच केले होते. ब्राउन यांच्याच नावावर दुसऱ्या रोगाचाही शोध आहे. कल्ल्यांवर मखमलीसारखी धूळ बसविणारा ‘अमायलोऊडिनियम’ त्यांनी १९३१ मध्ये वर्णिला. तेव्हा त्याचे नाव निराळे होते. कोकणच्या किनाऱ्यावर काही रात्री लाटा निळसर चमकतात. ती चमक ज्या सूक्ष्म जीवांची, त्यांच्याच कुळातला हा एक कुलांगार.

ही दोन्ही नावे मत्स्यालयात जन्मली, समुद्रात नव्हेत, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. रोग समुद्रातही असतात. पण तेथे जंतूचे पिल्लू माशाला शोधता शोधता अथांग पाण्यात हरवून जाते. दोन हात लांबीच्या टाकीत त्याला हरवायला जागाच नाही.

आता या जंतूची दिनचर्या पाहू, कारण सगळा इतिहास तिच्याभोवतीच फिरतो. क्रिप्टोकॅरियन माशाच्या त्वचेत शिरून तीन ते सात दिवस आत बसून खातो. आपल्याला दिसणारा रव्याच्या कणाएवढा ठिपका तो हाच. पोट भरले की तो मासा सोडतो, तळाशी जातो, अंगाभोवती कवच करतो आणि आत विभागत राहतो. काही दिवसांनी, कधी तीन-चार आठवड्यांनी, कवच फुटते आणि शेकडो पिल्ले पोहू लागतात. पिल्लाला एका दिवसाच्या आत मासा सापडला नाही, तर त्याचा खेळ बहुधा आटोपतो. कातडीखाली बसलेल्या जंतूला औषध पोचत नाही, कवचाआडच्याला भेदत नाही. त्याला गाठायचे ते या एका दिवसाच्या वाटेवर, उघड्या पाण्यात. म्हणजे पखालीत!

येथेच माणूस फसतो. नवा मासा घरी आणला, तिसऱ्या-चौथ्या दिवशी ठिपके उठले, घाबरून कसलीतरी बाटली ओतली, आणि दोन दिवसांत अंग स्वच्छ झाले. घरात आनंदीआनंद, विकणाऱ्याचीही वाहवा. वास्तविक ठिपके औषधाने गेलेले नसतात. जंतू आपल्या वेळेने उतरून तळाशी बाळंतपणाला गेलेले असतात. पंधरवड्याने ते शतपट होऊन परततात, आणि मग एका नव्या माशापायी टाकीतले जुने, पोसलेले मासेही कल्ले उडवीत मरतात. ‘बरा झाला होता, मग अचानक गेला’ हे उद्गार मासे पाळणाऱ्यांच्या तोंडी नेहमी ऐकू येतात. त्यात ‘अचानक’ काही नसते.

पाण्यावर उपाय करण्याची पहिली मोठी वाट सॅन फ्रान्सिस्कोच्या स्टाइनहार्ट मत्स्यालयातून निघाली. तेथील रॉबर्ट डेम्प्स्टर यांनी मखमलीच्या रोगावरील ताम्र-उपचार १९५५ साली प्रसिद्ध केला. औषध कोणते, तर मोरचूद! नाशिकच्या द्राक्षबागाइतदाराला त्याची ओळख करून द्यायला नको. चुन्याबरोबर मोरचुदाचे बोर्डो मिश्रण १८८५ पासून द्राक्षवेलींना तारीत आले आहे. मात्र टाकीतले मोजमाप सोनाराचे हवे. लिटरमागे ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम तांबे, तेही दोन-तीन आठवडे अखंड. कमी पडले तर पिल्ले वाचतात, अधिक झाले तर मासाच दगावतो. शिवाय प्रवाळ, शंख, कोळंबी यांना तांबे विषच, आणि चुनखडीची वाळू ते शोषून घेते. म्हणून शोभेच्या टाकीत मोरचूद घालणे म्हणजे घर जाळून ढेकूण मारणे. औषधाची टाकी निराळी, उघडी-बोडकी, तळाशी वाळूचा कण नसलेली अशी हवी.

आम्हाला स्वतःला अधिक मोलाची वाटते ती औषधाशिवायची रीत. तांबड्या समुद्राकाठी एलात येथे आंजेलो कोलोर्नी यांनी १९८५ मध्ये पाण्याचा खारेपणा मोजूनमापून उतरविण्याचा उपाय मांडला. कवचातले जंतू त्याने फुटून मरतात. मखमलीचा जंतू मात्र अशा उतरत्या खारेपणाला भीक घालीत नाही, म्हणून रोगाची ओळख आधी पटली पाहिजे. १९८७ मध्ये त्यांनी त्याहूनही साधी रीत पुढे आणली. दर तीन दिवसांनी मासा कोरड्या केलेल्या स्वच्छ टाकीत हलवायचा, असे चार वेळा. जंतू उतरतो, कवच करतो. पण पिल्ले बाहेर येण्याच्या आत मासा घर सोडून गेलेला असतो.

हे वाचताना महाराष्ट्रातल्या माणसाला प्लेगच्या झोपड्या आठवल्याशिवाय राहत नाहीत. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. पुढे तो पुण्यात पोचला. घरझडत्या, विलगीकरणाच्या छावण्या, गोऱ्या सोल्जरांची दांडगाई आणि २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडवर झाडलेल्या गोळ्या हा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. त्यामानाने दुसरी गोष्ट आपण विसरलो. उंदीर पडू लागले की गावे आपण होऊन घरे सोडीत, माळावर झोपड्या बांधून राहत. पिसवांमुळे प्लेग पसरतो हे पॉल-लुई सिमाँ यांनी कराचीत १८९८ मध्ये दाखविले, आणि ते शास्त्रज्ञांच्या गळी उतरायला पुढे कित्येक वर्षे गेली. रोग माणसापेक्षा घरात अधिक मुक्कामाला असतो, एवढे माळावरच्या शेतकऱ्याला अनुभवाने कळले होते. काचेच्या टाकीतला मासा हलविणाराही तेच करतो. फरक इतकाच की, तीन दिवसांचा हिशेब त्याला सूक्ष्मदर्शकाने करून दिला आहे.

क्रिप्टोकॅरियनबद्दल एक गंमत सांगायची राहिली. गोड्या पाण्यातल्या माशांनाही अगदी असेच ठिपके येतात. तो जंतू १८७६ पासून माहीत आहे. दोघे सख्खे भाऊ असावेत अशी समजूत कित्येक दशके चालली. २००२ मध्ये कोलोर्नी आणि राइट यांनी त्यांच्या जनुकांची तपासणी करून दोघांची कुळेच वेगळी ठरविली. एकच धंदा करता करता दोघांचे चेहरे सारखे झाले होते. म्हणून एकाचे औषध दुसऱ्याला लागू पडेलच असे नाही, आणि गोड्या पाण्याची बाटली खाऱ्या टाकीत ओतणाऱ्यांनी एवढे तरी लक्षात ठेवावे.

राहता राहिले मूळ घर. रोगी मासा वेगळा काढल्यावर शोभेच्या टाकीत पाणी खळखळत असते, दिवा लागतो, प्रवाळ फुलतो, आणि मासा एकही नसतो. असे सहा आठवडे, सावध माणसाच्या घरी अडीच महिनेसुद्धा. तळाशी जी कवचे फुटतील, त्यांतल्या पिल्लांना खायला काही मिळता कामा नये. घरची मुले रोज विचारतात, पाहुणे हसतात, आणि दुकानात नेमका तेव्हाच निळा सर्जन मासा आलेला असतो. तो आणलाच, तर त्याचा पहिला महिना मागच्या खोलीतल्या साध्या काचेच्या टाकीत जावा, अंगावर ठिपका असो वा नसो.