भाकरी जड, पोळी हलकी

आमच्या सोलापूरकडे ज्वारीची भाकरी हे जेवण आणि गव्हाची पोळी हा सण, असे माझ्या आजीच्या पिढीपर्यंत तरी होते. गहू घरात यायचा तो पुरणासाठी, हुग्गीसाठी, पाहुण्यासाठी आणि आजाऱ्यासाठी. यातला शेवटचा शब्द मी मुद्दाम लिहिला आहे. माझी धाकटी मुलगी पाचव्या वर्षी रोडावू लागली. हातपाय काडीसारखे, पोट मात्र नगाऱ्यासारखे फुगलेले. तेव्हा आई म्हणाली, "पोरीला भाकरी जड जाते रे. पोळी दे तिला. पोळी हलकी." मी मास्तर माणूस. चार पुस्तकेही लिहिलेली. तरी आईचे हे म्हणणे मला इतके रास्त वाटले, की मी बाजारात जाऊन चांगला बन्सी गहू आणला. सकाळी दुधात पोळी, दुपारी रव्याची खीर, संध्याकाळी बिस्किटे. पोर आणखीच वाळली.

जंताची औषधे झाली, लोहाच्या गोळ्या झाल्या. शेजारच्या आजोबांनी संग्रहणीचे नाव घेतले. एका दवाखान्यात क्षयाची तपासणी झाली, दुसऱ्यात "काही मुले अशीच असतात" असे सांगून आमची बोळवण झाली. यात दीड वर्ष गेले. मग एका तरुण डॉक्टरीणबाईंनी तिच्याकडे दोन मिनिटे नुसते पाहिले आणि विचारले, "ही गहू खाते का?" बाईंचे शिक्षण चंदीगडकडे झाले होते आणि तिकडे अशी मुले त्यांनी पुष्कळ पाहिली होती. रोगाचे नाव त्यांनी सांगितले ते सिलिअ‍ॅक. मी ते वहीत लिहून घेतले, आणि मास्तरकीच्या सवयीने त्या शब्दाच्या मागे लागलो. पुढे लिहितो आहे तो त्या शोधाचा वृत्तांत.

शब्द जुना आहे. ग्रीक भाषेत 'कोइलिया' म्हणजे पोट. इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकात आशिया मायनरमधल्या कॅपडोशियाचा आरिटिअस नावाचा वैद्य होऊन गेला. खाल्लेले अन्न अर्धेकच्चे बाहेर पडते आणि माणूस झिजत जातो, अशा एका विकाराचे वर्णन त्याने केले आणि त्या रोग्यांना पोटावरूनच नाव दिले. हा रोग म्हाताऱ्यांचा आणि पुरुषांपेक्षा बायकांचा, असे त्याचे मत होते. आपल्याकडेही ग्रहणीचे वर्णन चरकाने केले आहेच. लक्षणे जुळतात म्हणून रोगही तोच, असे म्हणण्याचा मोह मात्र आवरला पाहिजे. पोट बिघडण्याच्या वाटा अनेक आहेत आणि जुन्या वैद्यांपाशी आतडे आतून पाहण्याचे साधन नव्हते.

आरिटिअसचा ग्रंथ १८५६ साली इंग्रजीत आला. त्यानंतर तीसेक वर्षांनी सॅम्युअल गी या डॉक्टराने ते जुने नाव पुन्हा वापरात आणले. ५ ऑक्टोबर १८८७ रोजी लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीटवरील मुलांच्या इस्पितळात त्याने व्याख्यान दिले. ते पुढल्या वर्षी छापले गेले. रोग सर्व वयांत आढळतो, पण एक ते पाच वर्षांच्या मुलांत विशेष, असे त्याने सांगितले. फिकट, दुर्गंधी, भरपूर शौच, फुगलेले पोट, वाळलेले अंग. ते वर्णन वाचताना माझ्या घरात येऊन कोणी लिहून नेले आहे, असे मला वाटले. रोगी बरा व्हायचाच असेल तर तो आहारानेच होईल, असा त्याचा निष्कर्ष होता, आणि तो आजही बाधित झालेला नाही.

पण कोणता आहार? इथे गीची आणि माझ्या आईची गाठ पडते. पिष्टमय पदार्थ कमी द्यावेत हे त्याला कळले होते. त्याने भात वर्ज्य केला, साबुदाण्यासारखी सागोही वर्ज्य केली. आणि द्यावे काय, तर पातळ कापून दोन्ही बाजूंनी खरपूस भाजलेला पाव! निरुपद्रवी भात बंद, आणि अपराधी तेवढा शेकोटीवर शेकून ताटात. त्याच्या लेखात एका मुलाची हकीकत आहे. त्या मुलाला रोज लिटरभराहून थोडे अधिक असे हॉलंडचे शिंपले खायला घातले. दक्षिण कोकणात ज्यांना शिनाणे म्हणतात त्या जातीचे. मूल सुधारले. शिंपल्यांचा हंगाम संपला आणि मूल पुन्हा ढासळले. पुढल्या हंगामी काही केल्या ते शिंपल्यांना तोंड लावीना. मला त्या पोराचे काही नवल वाटत नाही.

न्यूयॉर्कमध्ये सिडनी हास याने १९२४ साली केळ्यांचा उपाय प्रसिद्ध केला. त्याच्याकडच्या दहा मुलांपैकी आठांना त्याने केळ्यांवर ठेवले, ती आठही सुधारली. उरलेली दोन, ज्यांना केळी दिली नव्हती, ती दगावली. पाव आणि इतर धान्ये त्याने या मुलांना बंद केली होती. पण श्रेय गेले केळ्याला. केळ्यात काही गुण आहे, मूल बरे झाले की ते पुन्हा पूर्ववत खाऊ शकते, अशी त्याची समजूत होती. केळ्यांनी अनेक जीव वाचवले हे खरेच आहे. पण बरे झाले म्हणून सोडून दिलेली ती मुले पुन्हा पावाकडे वळली, आणि आतून काय होत राहिले ते पाहायला कोणी नव्हते. एखादी गोष्ट चुकीच्या कारणासाठी बरोबर ठरली की ती सुधारणे फार कठीण जाते. वर्गात गणित तपासताना मी हे रोज पाहतो.

आता विलेम डिके. हा डच बालवैद्य १९०५ साली जन्मला आणि १९३६ साली हेगच्या युलियाना बालरुग्णालयाचा प्रमुख झाला. त्याच्याविषयी सर्वत्र सांगितली जाणारी गोष्ट अशी: १९४४-४५ चा हिवाळा. सप्टेंबर १९४४ मध्ये दोस्तांच्या मदतीसाठी डच रेल्वे कामगारांनी संप केला. चिडलेल्या जर्मनांनी पश्चिम हॉलंडकडे जाणारे अन्न रोखले. पुढे ती बंदी सैल झाली तोवर कालवे गोठले. शहरांतला रोजचा शिधा हजार कॅलरींच्याही खाली गेला. लोकांनी ट्यूलिप फुलांचे कांदे उकडून खाल्ले. सुमारे २०,००० माणसे मेली. आणि या मरणाच्या हंगामात, जिथे धडधाकट मुले खंगत होती तिथे, डिकेची सिलिअ‍ॅकची मुले सुधारू लागली. गहूच नव्हता. मग १९४५ साली पाव आला, सगळे शहर आनंदले, आणि ती मुले पुन्हा अंथरुणाला खिळली. डिकेच्या डोक्यात प्रकाश पडला.

गोष्ट मोठी नाट्यमय आहे. कादंबरीकार म्हणून मला ती सोडवत नाही. परंतु कागद काही वेगळे सांगतात. गहू वगळलेल्या आहाराविषयीचा डिकेचा पहिला लेख डच वैद्यकीय साप्ताहिकात १९४१ साली, म्हणजे दुष्काळाच्या तीन वर्षे आधीच, छापून आला होता. प्रकाश दुष्काळाने पाडला नाही. जे त्याला आधीच दिसले होते ते दुष्काळाने ठळक केले, इतकेच. मग पहिल्यांदा सुचले कसे? असे सांगतात, की एका आईने त्याला म्हटले होते, मुलाचा पाव बंद केला की त्याच्या अंगावरचे चट्टे जातात. ती आई कोण, हे इतिहासाने टिपून ठेवलेले नाही. डिकेचा मोठेपणा असा, की त्याने तिला "अहो, पाव तर हलका" असे म्हटले नाही.

अनुमान आणि पुरावा यांत अंतर असते. ते तोडण्यात त्याची पुढली वर्षे गेली. मुलांना पाळीपाळीने गहू द्यायचा, काढायचा, आणि वजनाचे आलेख ठेवायचे. युट्रेक्टचा रसायनशास्त्रज्ञ व्हान डे कामर याने विष्ठेतली चरबी मोजण्याची सोपी रीत काढली, तिची जोड मिळाली. तिसरा सोबती वायर्स. १९५० साली डिकेने युट्रेक्ट विद्यापीठाला प्रबंध सादर केला. गहू आणि राय बाधतात. तांदूळ, मका बाधत नाहीत. मग प्रश्न आला, गव्हातले नेमके काय बाधते?

याचे उत्तर समजायला प्रयोगशाळेत जायला नको, उन्हाळ्यात आपल्या गच्चीवर कुरडया घालणाऱ्या बायकांकडे जावे. गहू तीन दिवस भिजवतात, वाटतात आणि पिळून चीक काढतात. चीक म्हणजे गव्हाचा पिष्टमय भाग. मागे राहतो तो चिवट चोथा, त्यात कोंड्याबरोबर गव्हाचे प्रथिनही असते. कणीक पाण्याखाली धूत राहिले तर ते हाती लागते, रबरासारखे ताणले जाणारे. बोलोन्याच्या बेक्कारीने ते अठराव्या शतकात वेगळे केले आणि १७४५ साली ही माहिती छापली गेली. त्याला ग्लूटेन म्हणतात. पोळी फुगते, पाव जाळीदार होतो, कणीक ताणली जाते, ती त्याच्या जोरावर. ज्वारीत ते नाही, म्हणून भाकरी थापावी लागते, लाटता येत नाही. युट्रेक्टच्या मंडळींनी आणि बर्मिंगहॅमच्या दुसऱ्या एका गटाने १९५२-५३ च्या सुमारास दाखवून दिले, की पिष्ट निर्दोष आहे. दोष या चिकट प्रथिनाचा. म्हणजे जिच्या लाटण्याखाली पोळी मऊसूत होते ती गोष्टच माझ्या मुलीच्या आतड्याची वैरीण. (घरच्या चिकात थोडे ग्लूटेन उतरतेच, तेव्हा कुरडईही तिला चालत नाही. हे आईला पटवायला मला डिकेइतकाच वेळ लागला.)

पुढले थोडक्यात सांगतो. १९५४ साली इंग्लंडमध्ये पॉली या डॉक्टराने शस्त्रक्रियेच्या वेळी घेतलेले आतड्याचे तुकडे पाहिले. निरोगी आतडे आतून मखमलीसारखे असते, बारीक उभ्या तंतूंचे. अन्न शोषले जाते ते त्यांतून. या रोग्यांची मखमल झिजून सपाट झाली होती. १९५७ साली अमेरिकन सैन्यातल्या क्रॉस्बीने गिळता येणारी धातूची कुपी काढली. तिने पोट न चिरता आतला नमुना घेता येऊ लागला. आता दुर्बिणीच्या नळीने घेतात. १९९७ साली जर्मनीत या रोगात शरीर आपल्याच कोणत्या घटकावर हल्ला करते ते कळले, आणि रक्ताची चाचणी पक्की झाली. रोग उपजत कलाचा असतो आणि गहू पोटात गेल्यावाचून प्रकटत नाही.

या शेवटच्या वाक्याचा आमच्या घरावर विलक्षण परिणाम झाला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तपासणी पुरी होईपर्यंत गहू बंद करायचा नाही, नाहीतर खूण पुसली जाईल. नमुना घेण्याची तारीख आठ दिवसांनंतरची होती. तोवर मी अजाणता पोळी भरवीत होतो. ते आठ दिवस जाणून भरवली. मुलगी म्हणे, "बाबा, आज भूक नाही." मी म्हणे, "अर्धी तरी खा." आई देवघरापुढे बसून राही. दीड वर्षापेक्षा ते आठ दिवस मला लांब वाटले.

आपल्या देशातला इतिहास छोटा आहे. हा गोऱ्यांचा रोग, असेच फार दिवस मानले गेले. १९६६ साली उत्तर भारतातल्या मुलांविषयी आणि मोठ्या माणसांविषयी डॉक्टरांनी ब्रिटिश नियतकालिकात लिहिले, तेव्हा तो समज ढळू लागला. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत उत्तरेत शंभरात सव्वा, ईशान्येत एकाहून किंचित कमी, आणि दक्षिणेत हजारात एक असे प्रमाण निघाले. रोगाचा उपजत कल तिन्हीकडे फारसा वेगळा नव्हता. वेगळा होता गहू. उत्तरेत माणशी रोज सुमारे ४५५ ग्रॅम, दक्षिणेत २५. महाराष्ट्र त्या तीन भागांत मोडत नाही. आपण दोहोंच्या मध्ये, पोळी आणि भाकरीच्या सीमेवर. ही सीमा माझ्या डोळ्यांदेखत सरकली आहे. १९५६ च्या करारानंतर अमेरिकेचा गहू रेशनवर आला, मग हरित क्रांतीचा आला, आणि पोळी रोजची झाली. भाकरी हे गरिबीचे चिन्ह ठरले. माझ्या वर्गात अजूनही डब्यातली भाकरी झाकून खाणारी मुले आहेत. गंमत अशी, की ज्वारी आता गव्हापेक्षा स्वस्त राहिलेली नाही.

गहू बंद केल्यावर तीन महिन्यांत मुलीच्या गालांवर मांस दिसू लागले. वर्षात ती चार बोटे वाढली. औषध नाही, फक्त वर्ज्य, पण जन्मभर. आणि वर्ज्य म्हणजे काय हे कळायला घर नव्याने शिकावे लागले. डबीतल्या हिंगात बहुधा गव्हाचे पीठ असते, म्हणजे आमची रोजची आमटीच दोषी! जव चालत नाही. गिरणीत गव्हावर दळलेली ज्वारी चालत नाही. खूणचिठ्ठीवर 'ग्लूटेनमुक्त' लिहायचे तर किलोत २० मिलिग्रॅमच्या वर ग्लूटेन असता कामा नये, असा आपल्याकडे नियम आहे. यावरून कणभर पीठ म्हणजे किती, ते समजावे. आमच्या गिरणीवाल्या काकांना मी हे सांगितले तेव्हा ते हसले नाहीत. पहाटे गिरणी झाडून पहिले दळण ते आमचे घेत. तरी एकदा चूक झाली, मुलीला चार दिवस त्रास झाला, आणि आईने माळ्यावरचे जाते खाली उतरवले.

सर्वांत अवघड गेला तो सत्यनारायण. प्रसादाचा शिरा नाकारायचा म्हणजे देवाला नाही म्हणायचे. पहिल्या वर्षी शेजारच्या वहिनींनी "चिमूटभर घेतल्याने काय होतंय?" म्हणून तो तिच्या तळहातावर ठेवलाच. मुलगी माझ्याकडे पाहत मूठ मिटून उभी राहिली. अखेर आईने पुढे होऊन तिच्या हातातला शिरा स्वतः घेतला, कपाळाला लावून खाल्ला आणि म्हणाली, "तिला केळं द्या."

दिवाळीचे तसे सोपे आहे. करंजी आणि शंकरपाळी बाद. चिवडा पोह्यांचा, आणि फोडणीला हिंग नाही. अनारसे तांदूळ-गुळाचे, ते तिच्या हक्काचे, त्यातले एकही पाहुण्यांना मिळत नाही. चकलीच्या भाजणीत मूठभर गहू घालायची आमच्या घरची रीत होती, ती आईने मोडली. यंदाची भाजणी आश्विनातच भाजून झाली आहे आणि आता ती दोघी जात्यावर समोरासमोर बसून दळत आहेत.