गोव्यातील वैद्यकशिक्षणाची वाटचाल

हिंदुस्थानात पाश्चात्त्य वैद्यकाची महाविद्यालये प्रथम १८३५ साली कलकत्ता व मद्रास येथे निघाली. त्यानंतर सातच वर्षांनी, १८४२ साली, पणजीत 'एस्कोला मेदिको-सिरुर्जिका' ही वैद्यकशाळा स्थापन झाली. मुंबईचे ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ चे. म्हणजे या बाबतीत पणजीने मुंबईच्याही आधी पाऊल टाकले होते. जुन्या गोव्यातील शाही रुग्णालयाची परंपरा या शाळेच्या पाठीशी होती.

आरंभ लवकर झाला तरी वाढ मात्र मंदगतीने झाली. साधने तुटपुंजी आणि विद्यार्थी मोजके. शाळा बंद करण्याचा विचारही सरकारदरबारी एकाहून अधिक वेळा झाला. शिक्षण पोर्तुगीजमधून असल्याने मराठी शाळेत घडलेल्या मुलाला तेथील वाट अवघड होती. येथील पदवीला लिस्बन वा पोर्तोच्या पदवीची बरोबरी नव्हती. त्यामुळे अनेक पदवीधर मोझांबिक, अंगोला आदी वसाहतींच्या आरोग्यसेवेत गेले.

याच भूमीचे एक सुपुत्र मात्र दुसऱ्या वाटेने डॉक्टर झाले. पेडणे महालातील मांद्रे येथे जन्मलेले भाऊ दाजी लाड बालपणीच मुंबईस गेले आणि १८५१ साली ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीतून उत्तीर्ण झाले. त्याच महाविद्यालयात १८६१ साली मराठी व गुजराती वर्ग उघडले गेले. लोकभाषेची कवाडे उघडली, की विद्येचे क्षेत्र विस्तारते, याची ही साक्ष होय.

१९६१ साली गोवा मुक्त झाला. १९६३ मध्ये जुन्या शाळेचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय होऊन ते मुंबई विद्यापीठाशी संलग्न झाले. १९८५ नंतर गोवा विद्यापीठाशी जोडले गेले. पुढे त्याचा पसारा बांबोळीच्या पठारावर हलला आणि मांडवीकाठची जुनी वास्तू मागे राहिली. जेथे एकेकाळी विद्यार्थी मिळण्याची विवंचना होती, तेथे आज वर्षाला शंभराहून अधिक विद्यार्थ्यांना प्रवेश मिळतो.

देशभरातही हेच चित्र आहे. २०१४ साली ३८७ वैद्यकीय महाविद्यालये होती. २०२४ पर्यंत ती सातशेच्या वर गेली आणि एमबीबीएसच्या जागा एक लाखावर पोचल्या. ही वाढ स्वागतार्ह खरी. परंतु जुन्या शाळेचा इतिहास एक प्रश्न विचारतो. तिचे कितीतरी पदवीधर समुद्रापार गेले. आजच्या लाखांतले किती डॉक्टर आडगावच्या रुग्णापर्यंत पोचतील? विद्येचे खरे मोल शेवटी तेथेच ठरणार आहे.